फळीच्या आतली तारीख

खुडबुडे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव होतं, चांगलं चारचौघांसारखं होतं, पण विजेचं बिल आणि लेकीची कागदपत्रं सोडली तर ते कुठे वापरात नव्हतं. सातव्या वर्षी त्याने घरातलं एकुलतं एक घड्याळ उघडून ठेवलं, आईने पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "काय मेल्याची सारखी खुडबुड चाललेली असते!" ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. आता वय एक्कावन्न, कानशिलांवरचे केस पांढरे, तरी समोरच्या इमारतीतली म्हातारी खिडकीतून हाक मारायची ती "ओ खुडबुडे, नळ परत रडायला लागला हो" अशीच. त्याला त्याचं काही वाटत नसे. हाक आली म्हणजे काम आलं, एवढंच तो बघायचा.

काम मात्र असं करायचा की बघणाऱ्याने हातातलं सोडून बघत उभं राहावं. दार कुरकुरत असेल तर पहिल्यांदा दाराशी गप्प उभा राहायचा, दोनदा उघडायचा, दोनदा लावायचा, आणि मग नेमका तोच स्क्रू अर्धा फेरा पिळायचा. घाई नाही, आदळआपट नाही. काम झालं की जमिनीवरचा भुसासुद्धा स्वतः गोळा करायचा, आणि घरातली बाई "राहू द्या हो, मी काढते" म्हणाली तर ऐकू न आल्यासारखं करायचा.

आणखी एक खोड होती त्याला. पंधरा वर्षं तो एका वसतिगृहात डागडुजीच्या कामाला होता. तिथे एकदा न्हाणीघराची जुनी भिंत फोडताना आतल्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेली तारीख सापडली होती. चाळीस वर्षांपूर्वीची. तारखेखाली कुणीतरी छोटासा हातोडा काढला होता. कोण होता तो, जिवंत होता की गेला, काही कळायला मार्ग नव्हता, पण खुडबुडेला एकदम वाटलं की भिंतीच्या आतून कुणी आपल्याला ओळख दिली. त्या दिवसापासून तोही लिहायला लागला. काम संपलं की कानावरची पेन्सिल काढायची आणि सिंकच्या खाली, स्विचबोर्डाच्या मागे, फळीच्या आतल्या अंगाला, म्हणजे मालकाच्या कधी नजरेला पडणार नाही अशा जागी तारीख घालायची. दिवस, महिना, वर्ष. खाली एक गोल, गोलात आडवी रेघ. स्क्रूचं डोकं. ती त्याची सही.

उघड्यावर सही करायची सोय नव्हती ना. तीच तर सगळी रड होती.

वसतिगृह बंद पडलं तेव्हा बायकोच्या थोरल्या भावाने त्याला हाताखाली घेतलं. या भावाला घरदार, गल्ली, गिऱ्हाईक, सगळे दादाच म्हणत. कोपऱ्यावर दादांचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानात गल्ल्याच्या मागे, काचेच्या चौकटीत, वर खास छोटा दिवा लावून, दादांचा परवाना टांगलेला होता. दिवा दिवसासुद्धा चालू असायचा. परवान्याला मोलच तेवढं होतं. खिळा ठोका, बिजागरीला तेल घाला, दार घासा, तिथवर कुणी विचारत नसे. पण तार किंवा पाइप एकदा भिंतीच्या आत शिरला की परवाना लागत होता, आणि माणसाच्या घरातली सगळी दुखणी नेमकी भिंतीच्या आतच असतात.

तेव्हा काम करायचा खुडबुडे आणि पावती फाटायची दादांच्या नावाची. पावतीवर वर ठळक अक्षरात 'परवानेदार', त्यापुढे दादांचं तीन शब्दी नाव, परवान्याचा आकडा. त्याखाली बारीक अक्षरात 'मदतनीस', आणि पुढे एवढीशी चौकट. नावाची नव्हे, आकड्याची. त्या चौकटीत दादा लिहायचे, एक. अकरा वर्षं खुडबुडे त्या चौकटीत एक होता. दादा तोंडाने मात्र कधी "जावईबापू" सोडून बोलले नाहीत. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांचा राग येण्याचा संभव आहे.

स्वतःचा परवाना काढायचा तर परवानेदाराच्या हाताखाली सलग तीन वर्षं काम केल्याचा दाखला लागत होता, त्यावर त्या परवानेदाराची सही. म्हणजे दादांची. दर वर्षी खुडबुडे तो कागद घेऊन जायचा आणि दर वर्षी दादा म्हणायचे, "करतो की सही. पळून जातोय का मी?" एका वर्षी शिक्का सापडत नव्हता. एका वर्षी शिक्का सापडला तर शाई वाळलेली. गेली दोन वर्षं तर कागद बघितला की दादा दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून उठायचे आणि आत जायचे, ते गिऱ्हाईक येईपर्यंत बाहेर येतच नसत. खुडबुडेने त्याचा सरळ अर्थ लावला. घरचा हक्काचा माणूस हातचा कशाला घालवतील? जावई झाला तरी बैल तो बैलच, असं तो एकदा बायकोला म्हणाला आणि ती शिलाईच्या मशीनवरून उठून मोरीत जाऊन रडली, तेव्हापासून तो विषय घरात बंद झाला. वडील गेल्यावर तिला लहानाचं मोठं दादांनीच केलं होतं.

विषय पुन्हा उघडला लेकीने. ती झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती आणि दिवसभर लोकांचे अर्ज छापून छापून तिला नियम तोंडपाठ झाले होते. एक दिवस ती संध्याकाळी जी घरात शिरली ती चप्पल न काढताच.

"बाबा, एक तारखेपासून नियम बदलतोय. नवीन अर्जाला शाळेचा शेवटचा दाखला लागणार."

खुडबुडेने सातवीत शाळा सोडली होती.

"म्हणजे या महिन्यात झालं तर झालं," ती म्हणाली. "नाही तर कधीच नाही."

"दादा सही देत नाहीत, पोरी."

"दादामामाची सही नकोच आपल्याला. हे बघा, कलम घ." तिने कागद पुढे केला. परवानेदाराची सही नसेल तर अर्जदाराने गेल्या तीन वर्षांतली बारा कामं दाखवावीत, दर वर्षाची चार. प्रत्येक घरमालकाने लिहून द्यावं की हे काम याच माणसाने केलं, अमुक वर्षी केलं. मग तपासनीस त्यातलं एक काम निवडणार, जाऊन बघणार, आणि चांगलं असलं तर परवाना. "तुम्ही काय बारा कामं केली नाहीत का?"

हे ऐकून खुडबुडेला हसू आलं. बारा! एका गल्लीत निघाली असती.

कचेरीतला कारकून चष्मा कपाळावर ठेवून काम करणारा होता. त्याने आधी विम्याचा कागद मागितला. विमावाले म्हणाले, परवाना दाखवा, विमा देतो. कारकून म्हणाला, विमा दाखवा, परवाना देतो. चार दिवस खुडबुडे या दोन खिडक्यांच्या मधल्या जिन्यावर वर-खाली करत होता. शेवटी लेकीने कुठूनसा 'परवाना मिळाल्यास' अशा सुरुवातीचा कागद छापून आणला तेव्हा दोन्ही खिडक्या एकदम गप्प झाल्या. कारकुनाने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, अर्ज वाचला आणि म्हणाला, "कुणी भरून दिला हो? पहिल्यांदाच बरोबर भरलेला अर्ज बघतोय." खुडबुडेची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण सांभाळावं लागलं.

बारा घरांतून बारा पत्रं आली. लोकांनी आनंदाने दिली. एकाने तर परवान्याशिवाय इतकी वर्षं काम केलंत का म्हणून कपाळाला हात लावला आणि त्याला समजावून सांगावं लागलं की परवाना होता, दादांचा होता, मीच काय तो नव्हतो. लेकीने दुकानातल्या उरलेल्या जाड कागदावर नमुन्याचं एक कार्ड छापलं. 'घरातली लहानमोठी सर्व दुरुस्ती', आणि खाली त्याचं खरं नाव. ते कार्ड तो शर्टाच्या खिशात ठेवू लागला. दिवसातून दोनतीनदा काढून बघायचा. आपलंच नाव, पण नव्याने ओळख करून दिल्यासारखं वाटायचं.

तपासनिसाने काम निवडलं ते मोठ्या बाईंच्या स्वयंपाकघरातलं. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहायच्या, आणि दारावरच्या बेलचा आवाजसुद्धा त्यांना घाबरून निघायचा. खुडबुडेला आनंद झाला, कारण ते त्याचं आयुष्यातलं सगळ्यात सुरेख काम होतं. दोन वर्षांपूर्वी दादांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि ते पाच महिने अंथरुणाला खिळले होते. ते पाच महिने दुकान एकट्या खुडबुडेने चालवलं. वरून सांगणारं कुणी नाही, लवकर आटपा म्हणणारं कुणी नाही. बाईंच्या सिंकमागची भिंत आतून झिरपत होती. दुसऱ्या कुणी भिंत फोडून, पाइप बदलून, सिमेंट थापून दिलं असतं. खुडबुडेने पाइप तर नवीन घातलेच, पण पुढे कधी भिंत फोडावी लागू नये म्हणून तिथे लाकडी झाकण बसवलं. चार स्क्रू काढले की आतलं सगळं समोर. झाकण भिंतीत असं बसलं होतं की बोट फिरवलं तरी सांधा लागत नव्हता.

पाहणीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला दादा घरी आले. तीन मजले चढून. त्या गुडघ्याने. बायको धावत पाणी घेऊन आली, पण ते बसलेच नाहीत, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"उद्या तपासनीस येतोय म्हणे."

"हो."

"विचारील तेवढंच सांगा, जावईबापू. जास्तीचं एक अक्षर नको. तुमची ती सवय आहे ना, हे बघा न् ते बघा करायची, ती उद्याच्या दिवस आवरा."

"का? माझं काम चांगलं आहे, दादा. दाखवायला मला लाज वाटत नाही."

दादांनी तोंड उघडलं. काहीतरी ओठांवर आलं होतं, बायकोलासुद्धा ते दिसलं. पण ते म्हणाले एवढंच, "चांगलं आहे म्हणूनच सांगतो." आणि एकेक पायरी करत उतरून गेले.

"पोटात दुखतंय त्यांच्या," खुडबुडे म्हणाला.

बायकोने भांडं उचललं. पाणी तसंच होतं. "तुम्हाला परवाना मिळावा असं मला तुमच्यापेक्षा जास्त वाटतं," ती म्हणाली. "पण दादाला मान खाली घालावी लागेल असं काही करू नका. तेवढं एक मला सोसणार नाही."

"मी कशाला त्यांची मान खाली घालतोय?" तो म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं.

तपासनीस अकराच्या सुमाराला आला. मध्यम वयाचा, दमलेला, खांद्याला जडशी पिशवी. बाईंनी त्याला बूट बाहेर काढायला लावले, त्यामुळे तो आधीच अर्धा नमला होता. खुडबुडेने चार स्क्रू काढले, झाकण उतरवून भिंतीला टेकवून ठेवलं, आणि बाजूला उभा राहिला. तपासनिसाने वाकून विजेरी मारली. पाइपावर बोट फिरवलं. कॉक बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. मग बराच वेळ नुसताच बघत राहिला.

"हे झाकणाचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मलाच वाटलं."

"सगळ्यांनी असं केलं तर माझं काम सोपं होईल हो." त्याने गुडघे झटकले, ओट्यावर कागद ठेवला, पेन काढलं. "काम समाधानकारक" हे दोन शब्द त्याने लिहिले. खुडबुडेने ते उलटे वाचले. "अर्जदारानेच केलं याला मालकिणीचं पत्र जोडलेलं आहे. वर्षही आहे. पुरे एवढं."

इथे थांबला असता तर! परवाना मिळायला आता फक्त सही व्हायचीच बाकी होती. पण माणसाने इतकी वर्षं भिंतीच्या आत सही केली आणि आज पहिल्यांदा ती वाचू शकेल असा कुणी समोर उभा होता. राहवेल कसं?

"पत्र कशाला, साहेब," खुडबुडे म्हणाला. "तारखेसकट दाखवतो की." आणि त्याने झाकण उलटं केलं.

आतल्या अंगाला, कोपऱ्यात, स्वच्छ ठळक पेन्सिलीने लिहिलं होतं. नऊ मे, आणि वर्ष. खाली स्क्रूचं डोकं.

बाई कौतुकाने पुढे झाल्या. "अगं बाई, हे मला माहीतच नव्हतं!"

तपासनिसाने तारीख वाचली. पुन्हा वाचली. मग पिशवीतून एक जाडजूड वही काढली, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला.

"तुम्ही काम कुणाच्या परवान्यावर करत होतात? अर्जात लिहिलंय ते दादा ना?"

"हो. माझे मेहुणे."

"त्या वर्षी चौदा फेब्रुवारी ते वीस जुलै त्यांचा परवाना बंद होता. नूतनीकरण केलेलं नव्हतं." त्याने वही फिरवून दाखवली. "नऊ मेला या गावात तुमच्या दुकानातल्या कुणालाही भिंतीला हात लावायची परवानगी नव्हती."

चौदा फेब्रुवारी. दादा तेव्हा इस्पितळात होते. खुडबुडेला एकदम सगळं दिसलं. अंथरुणावर पडलेला माणूस, तारीख निघून गेलेली, बरे होऊन आल्यावर कपाटात सापडलेला कागद, गुपचूप जाऊन केलेलं नूतनीकरण. आणि वर दिवा लावलेली ती चौकट, जिच्याकडे बघून सगळी गल्ली मान डोलवायची. सलग तीन वर्षांचा दाखला म्हणजे त्यात हे पाच महिने आलेच असते. गेली दोन वर्षं दादा सही देत नव्हते ते त्याला धरून ठेवायला नव्हे. त्यांची स्वतःचीच मान त्या कागदात अडकली होती. हे सगळं मला सांगायचं ना, असं तो मनात म्हणाला, आणि रागाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एक वाक्य. काल दारात उभं राहून एक वाक्य बोलता आलं असतं.

"साहेब, दुसरं काम बघा ना. अकरा आहेत अजून."

"पाहिलेलं काम बदलता येत नाही."

"मग आता?"

तपासनिसाने आवाज खाली आणला. "तारीख नसती तर मी वर्ष लिहिलं असतं, बाईंनी दिला तर चहा घेतला असता, आणि गेलो असतो. आता मी ही तारीख लिहिली, तर परवाना नसताना काम केलं म्हणून तुम्हाला पाच वर्षं बंदी. त्यांचा परवाना कायमचा रद्द. एकदा कागदावर आलं की माझ्या हातात काही राहत नाही."

"आणि नाही लिहिली तर?"

"न लिहून कसं चालेल, मी पाहिलीये. एकच आहे. तुम्ही अर्ज मागे घ्यायचा. अर्ज नाही तर पाहणी नाही, पाहणी नाही तर मी आज इथे आलोच नाही."

त्याने पिशवीतून दुसरा कागद काढला. अर्ज मागे घेण्याचाही अर्ज होता, आणि त्यातही कारण द्यावं लागत होतं. तीन कारणं छापलेली होती. गाव सोडून जात आहे. त्याला नवा पत्ता जोडायचा. प्रकृती अस्वास्थ्य, त्याला डॉक्टरांचा दाखला. तिसऱ्याला काही जोडावं लागत नव्हतं. 'दाखवलेली कामे अर्जदाराने स्वतः केलेली नाहीत.'

खुडबुडे ते पुन्हा पुन्हा वाचत राहिला. दादांच्या घरात सहा माणसं होती. दादांचे गुडघे आता दुसरं काही करण्याच्या लायकीचे नव्हते. आणि घरी मशीनवर त्याची बायको बसली होती, आज गोड बातमी येणार म्हणून सकाळपासून दाराकडे बघत.

"पुढच्या महिन्यात पुन्हा भरला तर?" त्याने विचारलं, उत्तर माहीत असून.

"शाळेचा दाखला लागेल."

"सातवी आहे माझी."

"माझ्या शाळेत असतात तर सोडलं नसतं मी तुम्हाला सातवीतून," मोठ्या बाई एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "आणि हे तिसरं लिहिणार तुम्ही? धडधडीत खोटं? मी इथे याच ओट्यापाशी उभी होते. दोन दिवस तुम्ही त्या भिंतीत डोकं घालून बसला होतात. तुम्ही नाही केलं तर कुणी केलं?"

"मी सामान उचलत होतो, बाई."

"खुडबुडे!"

"मी मदतनीस आहे, बाई. पावतीवर बघा. पावती असेल तुमच्याकडे."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तीस वर्षं मुलांचं खोटं पकडलेली ती बाई, पण या खोट्याला काय शिक्षा द्यावी ते त्यांना सुचेना. त्या खुर्चीवर बसल्या.

तपासनीस खाकरला. त्यालाही मान वर करवत नव्हती. "ती खूण राहिली तर मी ती पाहिली असं होईल," तो म्हणाला. "जाताना ती तिथे नको."

लाकडावरची पेन्सिल अशी बोटाने जात नाही. खुडबुडेला ते माहीत होतं, म्हणून तर तो पेन्सिल वापरायचा. त्याने पिशवीतून पॉलिश पेपर काढला, झाकण मांडीवर घेतलं आणि घासायला बसला. आधी जाडा कागद. नऊ गेला, मे गेला, वर्ष गेलं. गोल जरा खोल उमटला होता, त्याला वेळ लागला. मग बारीक कागद घेतला, कारण नुसतं जाड्याने घासलं तर तेवढाच भाग पांढुरका दिसतो आणि कळतं की इथे काहीतरी होतं. रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने, चारी बाजूंना मिसळेपर्यंत. घाई नाही, आदळआपट नाही. शेवटी हाताने भुसा पुसला, उजेडाकडे झाकण धरून डोळा बारीक करून बघितलं. कुठेही काही कळत नव्हतं. काम चोख झालं होतं.

आणि काम झालं म्हणून त्याचा हात कानाकडे गेला. सवयच ती. पेन्सिल काढून, त्या नव्या कोऱ्या लाकडाच्या कोपऱ्याशी टेकवेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही. बाईंनी तोंडावर पदर धरला.

त्याने झाकण बसवलं, चार स्क्रू पिळले. ओट्यावरचा कागद ओढून घेतला आणि हातातल्या पेन्सिलीनेच तिसऱ्या कारणापुढे खूण केली.

"पेन्सिल चालत नाही हो," तपासनीस हळूच म्हणाला. "ती खोडता येते." आणि त्याने आपलं पेन पुढे केलं.

जमिनीवरचा भुसा त्या दिवशीही खुडबुडेनेच गोळा केला. बाई राहू द्या म्हणाल्या नाहीत.

दुकानात दादा चौकटीखाली बसले होते, पाय स्टुलावर घेऊन. खुडबुडेचं तोंड बघून त्यांना समजलं. दोन गिऱ्हाइकं गेली, तिसरं आलं आणि गेलं, तेव्हा कुठे त्यांना शब्द फुटला.

"मी सांगणार होतो."

"कधी?"

"रोजच."

बाईंच्या घरून निघताना खुडबुडेने ठरवलेलं, रस्त्याने येताना जुळवलेलं, सगळं त्या एका शब्दापाशी निकामी झालं. ओरडायचं तरी कुणावर? त्याने विचारलं, "उद्याचं काम कुठे आहे?"

दादांनी पावतीपुस्तक ओढलं. परवानेदार, तीन शब्दी नाव, आकडा. मदतनीस या शब्दापाशी आले आणि थांबले. मग त्यांनी त्या एवढ्याशा चौकटीत, बाहेर सांडतील अशी अक्षरं काढत, खुडबुडेचं खरं नाव लिहायला घेतलं. पहिला शब्द झाला.

"दादा, आकडाच लिहा."

"नाव लिहितो. आजपासून प्रत्येक पावतीवर लिहीन. एवढं तरी करू द्या मला, जावईबापू."

"आता नको. मी आज लिहून दिलंय की ती कामं माझी नव्हेत. उद्या पावतीवर नाव दिसलं तर विचारतील, हा कोण? मग दोघंही जाऊ." त्याने खिशातलं लेकीने छापलेलं कार्ड काढलं, क्षणभर बघितलं आणि गल्ल्यावर उलटं ठेवलं. "मागची बाजू कोरी आहे. पत्ता यावर द्या."

दादांनी पावती फाडली. नवी घेतली. पुन्हा परवानेदार, पुन्हा आकडा, आणि मदतनिसाच्या चौकटीत, एक. मग ते कार्ड जवळ ओढून त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी गल्लीचं नाव आणि घराचा नंबर लिहिला, आणि सांगितलं की न्हाणीघराच्या भिंतीत कुठेतरी पाणी मुरतंय, सकाळी आठला या म्हणालेत.